सात नंबरची डावी बाजू

नवऱ्याच्या बोटीला पहिलं भोक मी पाडलं, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. बोट फ्रिजवर होती. मी वरच्या कपाटातून साखरेचा डबा ओढला आणि तो हातातून निसटून बरोब्बर बोटीच्या छपरावर जाऊन बसला. नवरा ओरडला असता तर मीही चार सुनावले असते आणि फिटंफाट झाली असती. पण तो नुसता बोट हातात घेऊन उभा राहिला, आजारी मांजर धरावं तशी.

"फ्रिजवर ही काय बोट ठेवायची जागा आहे?" मीच उलट विचारलं. चूक माझी असली की माझा आवाज आधी चढतो.

"टेबल जेवायला लागतं ना," तो म्हणाला.

हेच तर खरं दुखणं. आमच्या घरात टेबल एक, आणि त्याच्यावर हक्क सांगणारे सगळे. मुलीचा अभ्यास त्याच्यावर, माझी इस्त्री त्याच्यावर, तीन वेळचं खाणं त्याच्यावर. उरलेल्या वेळात नवऱ्याची बोट. तो पसारा मांडतो, डिंक लावतो, आणि डिंक वाळायच्या आत मी हाक मारते, "उचला रे, ताटं घेतेय!" की बोट ट्रेमध्ये, ट्रे फ्रिजवर. जेवणं झाली की बोट परत खाली. प्रत्येक फेरीत काहीतरी निखळायचंच. अडीच वर्षांत बोटीने नदीत जेवढ्या फेऱ्या मारल्या नसतील तेवढ्या टेबल ते फ्रिज मारल्या.

नवरा दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. डॉक्टर माप पाठवतात, हा कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचे आणि घरी येऊन बोटीचे कठडे घासायचे. कठडेसुद्धा कशाचे, तर मुलांचे वाकडे दात सरळ करायची तार असते ना, तिचे. बोटीचा तळ मूळचा लाल होता म्हणे. आमचा मात्र हिरड्यांच्या रंगाचा, कारण कवळीचं साहित्य उरलेलं. मी त्याला कप्तान म्हणते. त्याला पोहता येत नाही.

पण ही बोट उगाच कुठली नव्हती. ती सात नंबर होती. पूल व्हायच्या आधी नदीवर ज्या फेरीबोटी चालायच्या, त्यांतली सातवी. तिच्या इंजिनावर माझे सासरे अकरा वर्षं होते. पूल झाला, बोटी भंगारात गेल्या, नवरा तेव्हा सहा वर्षांचा. बाबा पुढे पाणी खेचायच्या पंपांवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी लग्न होऊन आले त्याला एकोणीस वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून सात नंबरचं नाव मी ऐकलं नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी एकदाच मला बजावलं होतं, "बोटीचा विषय काढू नकोस हं. भंगारात तोडताना बघायला गेले होते, दोन दिवस जेवले नव्हते." तेव्हापासून आम्ही कानाला खडा लावलेला.

त्यामुळे नवऱ्याकडे साधन काय, तर पाच फोटो आणि लहानपणीची आठवण. पाचही फोटोंत बोटीची उजवी बाजू. धक्क्याला ती नेहमी उजवीच लागायची आणि फोटोवाल्याचं दुकानही त्याच काठाला. "डावीचं काय करणार?" मी विचारलं होतं. "दोन्ही बाजू सारख्याच असतात गं," तो म्हणाला. "उजवीवरून डावी. दाताचं तसंच असतं."

आता दातवाल्याने दाताचं सांगितल्यावर मी काय बोलणार!

अशी ती बोट रमतगमत चालली होती, झाली तर झाली. मग आपल्या जुन्या घरी एकटे राहणाऱ्या बाबांना आम्ही आमच्याकडे राहायला आणलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता. आम्हाला वाटलं, वयाचा मोतीबिंदू, काढून टाकू. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. खुर्ची पुढे ओढली की बातमी वाईट, एवढं मला कळतं. म्हणाल्या, डोळ्याचा आतला पडदा मधोमध झिजतोय, उजवाही त्याच वाटेवर आहे, चार महिने, फार तर सहा.

"म्हणजे काय दिसणार नाही?" बाबांनी विचारलं.

"ज्याच्याकडे सरळ बघाल ते. चेहरा, अक्षरं. कडेचं दिसत राहील."

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे बघायचं असलं की दुसरीकडे बघायचं," ते म्हणाले. आणि तेव्हापासून ते तसंच बघायला लागले. मान तिरकी करून, कावळा खिडकीतल्या भाकरीकडे बघतो तसे.

घरी आल्यावर, बाबा झोपले तेव्हा, नवऱ्याने फ्रिजवरची बोट उतरवली आणि राहिलेलं काम मोजलं. बेचाळीस बाकं, मागचा कठडा, सुकाणूची खोली, धुराडं आणि अख्खी डावी बाजू. "चार महिन्यांनी बाबांची पंच्याहत्तरी आहे," तो म्हणाला. "तेव्हा द्यायची. त्यांना दिसतंय तोवर." आणि लगेच म्हणाला, "होणार नाही. या घरात होणार नाही."

मला लागलं ते. कारण त्या घरात डबा पाडणारी, ताटं मांडणारी, "जरा हे बघ, जरा ते बघ" म्हणणारी मीच होते. मी म्हटलं, "होईल. उद्यापासून सात ते नऊ टेबल तुझं. घराला आग लागली तरी तुला हाक मारणार नाही. मी विझवीन."

आणि हे काम माझ्या हातचं होतं. मी बावीस वर्षं एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसात पुढच्या टेबलावर बसते. लोकांना आत न सोडणं हाच माझा धंदा. गोड बोलून, दरडावून, पाणी पाजून, पण आत सोडायचं नाही. "साहेब कामात आहेत, निरोप ठेवा." निरोपाची वही असते. कोण आलं, काय हवं, आणि शेवटी तातडीचं की नाही. मी तशीच एक वही आणली, दोरा ओवला आणि फ्रिजच्या मुठीला टांगली.

हे सगळं बाबांपासून लपवायचं होतं, ही कल्पनाही माझीच. अचानक समोर ठेवू, आनंद होईल! त्यांची खोली बाहेरच्या खोलीला लागून, मध्ये दार नाही, पडदा. मी त्यांना सांगितलं, टेबलाला वाळवी लागलीय, पॉलिश चाललंय, तुमचं जेवण तुमच्या खोलीत आणून देईन. "बरं," ते म्हणाले. चार महिने टेबलाला पॉलिश! राजवाड्याच्या फर्निचरला लागत नाही एवढं.

मग मी काय पहारेदारी केली म्हणता!

स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. एरवी मी दाताच्या कण्या करून नवऱ्याला उठवला असता. या वेळी मीच पाना घेतला. पाणी बंद करायची मुख्य चावी आधी फिरवायची असते हे मला पाणी छताला लागल्यावर कळलं. भिजून चिंब झाले, पण ओरडले नाही. निरोपाच्या वहीत लिहिलं, "नळ. केला."

माझी ताई न सांगता आली. तिला मी जिन्यातच उभी करून अर्धा तास गप्पा मारल्या. "अगं, आत तरी घे!" "आत पॉलिशचा वास आहे, तुझं डोकं चढेल." ती म्हणाली, "नवरा-बायकोचं भांडण झालंय वाटतं." म्हटलं, समज बाई तसं. खालच्या मजल्यावरचे पार्किंगचं रडगाणं घेऊन आले, त्यांनाही निरोप ठेवायला लावला. गृहस्थ घाबरून सहीसुद्धा करून गेले.

मुलीला शाळेतून प्रकल्प मिळाला. काय असावा? माणसाच्या दातांची रचना! दिवसभर दातच बनवणारा बाप पाच हातांवर बसलेला, आणि मी पोरीला त्याच्याकडे जाऊ दिलं नाही. मी साबणाच्या वडीतून बत्तीस दात कोरले. शाळेत बाईंनी विचारलं, "हे बदाम आहेत का?" पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. न बोलणं हे तिच्यासाठी मोठंच, कारण तिच्या आवाजामुळे आजोबांनी तिचं नाव भोंगा ठेवलंय. तेरा वर्षांची आहे, पण हाक मारली तर तीन मजले जिन्यात येतात.

आणि बाबा.

बाबा आठवड्यातून एक-दोनदा तरी यायचे. सव्वासात-साडेसातला भिंतीला हात लावत लावत पडद्यापाशी. मी तिथेच स्टूल टाकून बसलेली.

"आहे का तो?"

"कामात आहे, बाबा. काही हवंय?"

"हवं काही नाही. एक सांगायचं होतं."

"मला सांगा, मी सांगते."

"तुला नाही कळायचं. जुनं आहे."

"मग नंतर सांगाल?"

"नंतर सांगेन," म्हणायचे आणि परत जायचे. मी वहीत लिहायची, "बाबा. काहीतरी सांगायचंय. तातडीचं नाही."

नऊला नवरा उठायचा तोवर बाबा झोपलेले असायचे. इंजिनावरची सवय, साडेआठला आडवे आणि पहाटे चारला उठून बसलेले. सकाळी नवऱ्याची बसची घाई. एकदा त्याने बूट घालता घालता विचारलं, "बाबा, काय सांगायचं होतं?" बाबा म्हणाले, "असं उभ्याउभ्या नाही. निवांत बस कधीतरी." निवांत! आमच्या घरात!

शेवटच्या आठवड्यात कप्तान डाव्या बाजूला भिडला. पातळ लाकडाच्या पट्ट्या एकेक करून चिकटवायच्या, प्रत्येक पट्टी दोन मिनिटं बोटांनी दाबून धरायची. तेव्हा हाक मारली की पट्टी गेली. नेमकं पहिल्याच संध्याकाळी बाबा तीनदा आले. पहिल्यांदा मी गोड बोलले. दुसऱ्यांदा जरा कमी गोड. तिसऱ्यांदा माझा तोल गेला.

"बाबा, लहान मुलासारखं काय चालवलंय? दोन तास माणसाला बसू द्या की सुखाने!"

ते भिंतीवर हात ठेवून थांबले. मान तिरकी केली, मला बघायला. मग म्हणाले, "बरं, बरं." आणि गेले. त्यानंतर आले नाहीत. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय, त्यांनाच कळत नाही, असं मनात म्हणत मी पुढचे पाच दिवस आरामात स्टुलावर बसले.

पंच्याहत्तरीच्या आदल्या दिवशी बोट झाली. हातभर लांब. पांढरी, कमरेला हिरवा पट्टा, बेचाळीसच्या बेचाळीस बाकं. मी एरवी नवऱ्याचं कौतुक तोंडावर करत नाही, डोक्यावर बसतो. पण त्या दिवशी म्हटलं, "कप्तान, मानलं तुला." तो हसला आणि त्याला एकदम खोकला आला. रडू आलं की त्याला खोकला येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ताई आली, केक घेऊन. या वेळी तिला आत घेतलं. बाबांना चांगला सदरा घातला आणि टेबलाशी आणून बसवलं. बोटीवर टॉवेल. भोंग्याने टॉवेल ओढला.

बाबा पुढे सरकले. मान डावीकडे तिरकी केली, मग खाली, मग थोडी वर, जिथून दिसेल तिथून. मग दोन्ही हात पुढे आले.

"हा पुढचा दोरखंडाचा खुंट," ते म्हणाले. बोटं चालत होती. "ही शिडी. ही तिकीटवाल्याची जागा, इथे तो झोपायचा. धुराडं जरा सरळ झालंय, आमचं मागे कललेलं होतं. पण छान. हिरवा बरोब्बर आहे. हा हिरवा कुठून आणलास रे?" नवरा नुसता खोकत होता. ताईने डोळे पुसले. मी माझ्या चार महिन्यांच्या पहाऱ्यावर खूश होऊन केक कापायची सुरी आणायला निघाले होते.

तेवढ्यात बाबांचा हात बोटीच्या नाकाला वळसा घालून डाव्या बाजूला गेला. मागेपर्यंत गेला. परत पुढे आला. परत मागे.

"खिडकी कुठाय?"

नवरा पुढे वाकला.

"कसली खिडकी, बाबा?"

"इंजिनाची. माझी."

नवऱ्याने फोटोंकडे पाहिलं, जसं काही ते बदललेच असतील. "फोटोत नाहीये खिडकी."

"फोटोत कशी असेल? ती दिसू नये म्हणून तर डावीकडे पाडली!" बाबा हसायला लागले. "अरे, इंजिनखोलीला खिडकीच नव्हती. भट्टी नुसती. मी तीनदा अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. दारातला कारकून तीनदा म्हणाला, साहेब कामात आहेत, नंतर या." सुरी आणायला निघालेली मी तिथेच थांबले. "मग मी आणि एक फिटर, दोघांनी सुट्टीच्या दिवशी छिन्नी घेऊन पत्रा कापला. ताटलीएवढी गोल खिडकी. नदीच्या बाजूला, म्हणजे धक्क्यावरून साहेबाला जन्मात दिसायची नाही. दिसलीही नाही."

"मला कधी बोलला नाहीत," नवरा म्हणाला.

"तुझ्या जन्माची बातमी मला त्या खिडकीतून कळली," बाबा म्हणाले.

नवऱ्याचा खोकला थांबला.

"भर नदीत होतो. एक मासेवाला होडी वल्हवत अगदी चिकटून आला आणि खिडकीत तोंड घालून ओरडला, मुलगा झाला! इंजिनाचा हा आवाज. मी ओरडून विचारलं, कुणाला? तो म्हणाला, तुलाच, गाढवा!" बाबा आता हसत नव्हते. "पलीकडच्या काठाला जाऊन परत येईपर्यंत पाऊण तास मी त्या खिडकीतून नुसता आपला काठ बघत होतो. बोट एवढी हळू चालते हे मला त्या दिवशी कळलं. बोट तोडली तेव्हा मला बोटीचं वाईट नाही वाटलं रे. ती खिडकी तोडली त्याचं वाटलं."

नवरा खाली बसला, बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच. "बाबा, मला आधी सांगायचं होतंत."

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं बोट चाललीय ते. डोळे गेलेत, नाक शाबूत आहे. वाळवीच्या टेबलाला कुणी बोटीचा तेलरंग देतं का? म्हटलं, डावी बाजू घेईल तेव्हा चुकेल, त्याच्या आधी सांगावं. दर आठवड्याला येत होतो सांगायला." आणि माझ्या दिशेने मान तिरकी करून म्हणाले, "ही सोडेल तर ना!"

सगळे हसले. मीही हसले आणि सुरी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. वही तिथेच लटकत होती. मी पानं उलटली. बाबा. काहीतरी सांगायचंय. तातडीचं नाही. नळ. केला. बाबा. काहीतरी सांगायचंय. तातडीचं नाही. मोजले. सव्वीस वेळा. सव्वीस वेळा तो आंधळा होत चाललेला माणूस भिंत चाचपत आला, आणि सव्वीस वेळा माझ्या सुबक अक्षरात तातडीचं नाही. ते त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनाने लिहिलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. साखरेचा डबा परवडला, त्याने निदान छप्परच फोडलं.

मी तशीच बाहेर आले, सुरीबिरी काही न घेता. "बाबा, माझं चुकलं," म्हटलं. "तुम्हाला नाही नाही ते बोलले." मला नीट रडताही येत नाही, नाक गळतं नुसतं.

"अगं सूनबाई, वेडी की काय!" बाबा म्हणाले. "तू दारात होतीस म्हणून बोट झाली. तू नसतीस तर मी रोज त्याचं डोकं खाल्लं असतं, आणि आज इथे नुसती खिडकी असती, बोट नसती."

नवरा उठला. आत गेला आणि त्याची लॅबची पेटी घेऊन आला. दात कोरायचं बारकं मशीन बाहेर काढलं, वायर लावली.

"आत्ता?" ताई म्हणाली. "केक?"

"केक तातडीचा नाही," मी म्हटलं.

"कुठे, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

बाबांनी डाव्या बाजूवरून अंगठा सरकवत नेला, थांबले, पुन्हा थोडा मागे नेला. नखाने खूण केली. "इथे. खालच्या पट्टीला लागून. मला बसूनही बाहेर दिसायचं."

गर्रर्र सुरू झालं. ते ऐकून ताईने आपोआप गाल धरला. फोन वाजायला लागला. मी बावीस वर्षांत वाजता फोन सोडलेला नाही, पण तो वाजून वाजून गप्प झाला. खालच्या मजल्यावरच्यांनी बेल दाबली, त्यांनाही कुणी उघडलं नाही. नवऱ्याच्या हाताखाली पांढऱ्या लाकडाचा भुगा पडत होता आणि बाबा त्या भुग्यावरून हात फिरवत, "हां, अजून जरा. थोडं गोल. आमची काही फार गोल नव्हती, छिन्नीने केलेली," असं सांगत होते. पाच दिवस दाबून दाबून बसवलेल्या पट्ट्या तो कापत होता आणि त्याच्या तोंडावर मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं असं हसू होतं.

मशीन थांबलं. बाबांनी करंगळी भोकातून आत घातली आणि फिरवून बाहेर काढली. "हीच," म्हणाले.

मग त्यांनी बोट दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं, डोळ्याला लावतील. ते डोळ्यांकडे नेतच नव्हते. त्यांनी खिडकी कानाला लावली.

"भोंग्या," ते म्हणाले, "ये गं इकडे. पलीकडे बस आणि ओरड."

पोरगी टेबलाला वळसा घालून गेली, सुकाणूच्या खोलीच्या दारातून तोंड आत घातल्यासारखं केलं आणि जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून ओरडायला सांगितलंय म्हणून फुप्फुसं भरून ओरडली, "मुलगा झाला!"

तीन मजले ऐकू गेलं असेल.

"कुणाला?" बाबा ओरडले, तेवढ्याच जोरात, इंजिन चालू असल्यासारखे.

"तुम्हालाच!" भोंगा ओरडली आणि थांबली. माझ्याकडे बघायला लागली. आजोबांना पुढचं कसं म्हणायचं?

"पुढचंही म्हण," बाबा म्हणाले. त्यांनी एका हाताने बोट कानाशी धरली होती आणि दुसरा हात खाली, जमिनीवर बसलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर होता. "पुढचं म्हटल्याशिवाय बातमी पुरी होत नाही."